कामं वाटू नका, मुलं वाटा

प्रश्न : आम्हाला तीन वर्षांची जुळी आहेत, मुलगा आणि मुलगी. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी त्यांना प्राणिसंग्रहालयात नेलं. पोचायलाच अकरा वाजले. वाघ-सिंह झोपलेले. मुलगा सारखा पळत होता, मुलगी माकडांच्या आवाजाला घाबरून कडेवरून उतरेना. पाण्याच्या बाटल्या भरून घेताना मुलगा पाच मिनिटं दिसेनासा झाला. मला वाटलं तो बाबांबरोबर आहे, बाबांना वाटलं माझ्याबरोबर. दीड वाजेपर्यंत दोघांनीही भोकाड पसरलं होतं. आता पुन्हा एका शनिवार-रविवारी जायचं म्हणतोय. या वेळी सासूबाईही येणार आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात. कधी निघावं, बाबागाडी न्यावी का, बरोबर काय घ्यावं, मूल हरवलं तर नेमकं काय करावं? ऐन वेळी एकाला बरं नसलं तर? आणि मुळात या वयात नेण्यात काही अर्थ आहे का?
– जुळ्यांची आई

उत्तर : ताई, “मला वाटलं तो बाबांबरोबर आहे, बाबांना वाटलं माझ्याबरोबर” हे तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य. बाकीच्या बऱ्याच अडचणी वेळ बदलली की सुटतील, पण ही सुटणार नाही, कारण ती निष्काळजीपणातून आलेली नाही. ती वाटणीतून आली आहे. आपण घरून निघताना कामं वाटतो : तिकिटं तू काढ, पिशवी मी घेते, पाणी तू बघ. मुलं मात्र दोघांची सामाईक राहतात. एकच मूल असलं तर हे चालून जातं. जुळी असली की प्रत्येक मोठ्या माणसाला जवळपास एक मूल दिसत असतं आणि दुसरं पलीकडे असणार असं मन धरून चालतं. गर्दीत मूल हरवायला तेवढं पुरतं.

म्हणून या वेळी कामं नाही, मुलं वाटा. फाटकातून आत शिरण्याआधी ठरवा : मुलगा बाबांचा, मुलगी तुमची. ज्याच्याकडे मूल आहे त्याची नजर फक्त त्या मुलावर. तिकीट काढायचं असो, फोन घ्यायचा असो, बाटली भरायची असो, आधी मूल दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि तोंडाने म्हणायचं, “आता दोघं तुझ्याकडे.” समोरच्याने “हो, दोघं माझ्याकडे” असं म्हटल्याशिवाय हलायचं नाही. नुसती मान डोलावणं किंवा नजरेने खुणावणं धरायचं नाही, कारण चूक नेमकी तिथेच होते. दीड तासाने अदलाबदल करा. पळणाऱ्या मुलामागे तीन तास एकच माणूस राहिला तर शेवटच्या तासाला त्याचं लक्ष उडालेलं असतं.

कपड्यांचंही आदल्या रात्रीच ठरवा. दोघांना एकाच भडक रंगाचे सदरे घाला, उदाहरणार्थ नारिंगी किंवा पोपटी, आणि टोप्या वेगवेगळ्या रंगांच्या. सदरा एकच असला की एक मूल दिसेनासं झालं तरी दुसऱ्याकडे बोट दाखवून कर्मचाऱ्यांना सांगता येतं, “अस्साच सदरा आहे.” टोपी वेगळी असली की गर्दीत एकच मूल दोनदा पाहून दोघं दिसली असा भास होत नाही. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांच्या बाबतीत हा घोटाळा हमखास होतो. तुमचा मुलगा-मुलगी असले तरी या वयात पाठमोरी मुलं सारखीच दिसतात. फाटकाशी पोचल्यावर दोघांचा, पायातल्या बुटांपासून टोपीपर्यंत सगळं दिसेल असा, एक फोटो काढून ठेवा. मनगटावर कागदी पट्टी बांधा आणि तिच्या आतल्या बाजूला दोघांचे फोन नंबर लिहा. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो.

आता वेळेचं. अकरा वाजता वाघ-सिंह झोपलेले असणारच, त्यात तुमचं नशीब वाईट नव्हतं. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास पडून असतो. मोठी मांजरकुळातली जनावरं पहाटे-संध्याकाळी हालचाल करतात आणि ऊन चढलं की सावली गाठतात. सावलीत, गवतामागे, अंगावर पट्टे किंवा ठिपके असलेलं निश्चल जनावर तीन वर्षांच्या मुलाला दिसतच नाही. आपण “तो बघ, तो बघ” म्हणत बोट दाखवत राहतो आणि मूल आपल्या बोटाकडे बघत राहतं. म्हणून दार उघडतं त्या वेळेला तुम्ही दारात हवं. पहिल्या तासात प्राणी जागे असतात, गर्दी कमी असते, ऊन सोसवेल इतकं असतं आणि मुलंही ताजी असतात. चारही गोष्टी जुळून येणारा असा तास दिवसभरात पुन्हा मिळत नाही.

वार शनिवारचा ठेवा. रविवारी दुपारी सगळ्यांत जास्त गर्दी असते, आणि शनिवारी गेलात तर रविवार विश्रांतीला उरतो. साप्ताहिक सुट्टीचा वार, उघडण्याची वेळ आणि प्राण्यांना खायला देण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. खाणं येण्याआधीची पंधरा मिनिटं आणि खाणं चालू असतानाचा वेळ, या दोन्हींत एरवी ढिम्म पडलेला प्राणीही उठून येरझाऱ्या घालतो. तुम्हाला जमणाऱ्या वेळेत एखाद्या प्राण्याचं खाणं येत असेल तर बाकीची फेरी त्याच्याभोवती बसवा.

परतण्याची वेळ दुपारच्या झोपेवरून उलटी मोजा. मुलं एकला झोपत असतील तर बाराला तुम्ही फाटकाबाहेर असायला हवं, म्हणजे साडेअकराला परतीची वाट धरायची. मागच्या वेळी दीडला तुम्ही आतच होता, आणि ते रडणं प्राण्यांमुळे नव्हतं. झोपेची वेळ टळली होती, पोट रिकामं होतं आणि ऊन लागलं होतं. आत एकूण अडीच ते तीन तास पुरे. परतीचा प्रवास अर्ध्या तासापेक्षा जास्त असेल तर निघण्याआधी सावलीत बसून जेवण उरका, ओले कपडे बदला आणि गाडीत खुशाल झोपू द्या. प्रवास दहा-पंधरा मिनिटांचाच असेल तर मात्र झोपू देऊ नका. एक मोठं माणूस मागे दोघांच्या मध्ये बसून गप्पा मारत राहिलं पाहिजे. कारण दहा मिनिटांची डुलकी पुढची दीड तासाची झोप खाऊन टाकते आणि संध्याकाळ कुरकुरीत जाते. उन्हात उभ्या गाडीत दोघांना बसवण्याआधी दारं उघडून हवा जाऊ द्या आणि पट्ट्यांची धातूची बक्कलं हाताने चाचपा. ती चटका बसण्याइतकी तापतात.

अडीच तासांत सगळं प्राणिसंग्रहालय होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. प्राणी बघत, खडे वेचत, मुंग्यांपाशी थांबत चालणारं तीन वर्षांचं मूल तासाला साधारण एक किलोमीटर जातं. त्यामुळे पाच प्राणी ठरवा, फार तर सहा. मोठे, उघड्यावर दिसणारे आणि दिवसा जागे असणारे निवडा. हत्ती पहिला. पूर्ण वाढलेला हत्ती दिवसाला शंभर किलोहून अधिक चारा खातो, म्हणून तो बहुतेक वेळ सोंडेने काहीतरी उचलून तोंडात घालत असतो आणि मुलांना बघायला सतत काहीतरी मिळतं. जिराफही दिवसा बहुधा जागाच असतो. त्याची काळपट, हातभर जीभ पानं ओढताना दिसली की मुलं जागची हलत नाहीत. पाणघोडा असेल तर तिथे थांबायचं तंत्र आहे : तो पाण्याखाली गेला की साधारण तीन ते पाच मिनिटांत श्वास घ्यायला वर येतो. “गेला म्हणजे येईलच” हे माहीत नसल्यामुळे लोक दोन मिनिटांत पुढे सरकतात. तुम्ही कठड्याशी बसून मुलांबरोबर वाट बघा. चौथे पाणपक्षी आणि पाचवी माकडं. माकडांबद्दल मुलीच्या भीतीच्या ओघात सांगते. वाघ-सिंह यादीत ठेवा, पण “जागा दिसला तर बघू” असं मुलांना आधीच सांगून.

क्रमही महत्त्वाचा आहे. आत शिरणारे बहुतेक लोक पहिल्या पिंजऱ्यापाशी थांबतात आणि तिथून गर्दी हळूहळू आत सरकते. तुम्ही पहिले पिंजरे सोडून सरळ सगळ्यांत लांबच्या प्राण्याकडे जा, तेही मुलांना बाबागाडीत बसवून. तिथून बघत बघत फाटकाकडे या. याने गर्दी चुकते, आणि मुलं जसजशी थकत जातात तसतसं फाटक जवळ येत जातं. उलट केलंत तर बरोबर दमलेल्या वेळी तुम्ही फाटकापासून सर्वांत लांब असता.

प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर एकदा खाली वाकून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. तीन वर्षांचं मूल साधारण पंचाण्णव सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून पंच्याऐंशीच्या आसपास येतात. कठड्याचा आडवा दांडा नेमका त्याच उंचीला असला की आपल्याला हत्ती दिसतो आणि मुलाला लोखंड दिसतं. मग ते चढायला बघतं. अशा वेळी कडेवर घ्या किंवा जमिनीलगत काच असलेली जागा शोधा. कठड्यावर बसवणं, उभं करणं, पलीकडे झुकवून दाखवणं यांतलं काहीही, एका फोटोपुरतंसुद्धा, करू नका. 2016 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांचा मुलगा कठडा ओलांडून गोरिलाच्या खंदकात पडला. मूल वाचलं, पण ते वाचवण्यासाठी हरांबे नावाच्या सतरा वर्षांच्या गोरिलाला गोळी घालावी लागली. पुढे तिथला कठडा उंच केला. अशा वेळी मूल आवाक्यात असणं हेच कामाला येतं, आणि आवाका म्हणजे हात पुढे केला की सदरा हातात येईल इतकं अंतर.

आता मुलीची भीती. माकडं, मोर, मोठे पोपट अचानक आणि कर्कश ओरडतात, तर सिंहाची डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाऊ शकते. जवळून ती कानाला नुसती ऐकू येत नाही, छातीत जाणवते. तेव्हा तिचं घाबरणं अगदी रास्त आहे आणि “काही होत नाही, बघ” म्हणून ते जात नाही. जाण्याआधीचा आठवडाभर रोज दोन मिनिटं या प्राण्यांचे आवाज फोनवर ऐकवा. पहिल्या दिवशी जेमतेम ऐकू येईल इतके लहान, मग रोज किंचित मोठे, आणि बटण तिच्या हातात. आवाज बंद करता येतो हे एकदा कळलं की निम्मी भीती उतरते. प्रत्यक्ष तिथे वीस-पंचवीस पावलं लांब उभ्या राहा आणि विचारा, “इथूनच बघायचं की दोन पावलं पुढे जायचं?” ती नाही म्हणाली तर नाही. कान झाकायचं हेडफोनसारखं कानझाकण मिळतं. ते बरोबर असू द्या आणि मागितलं तरच द्या.

आणि एक वाक्य त्या दिवसापुरतं नव्हे, कायमचंच टाळा : “बघ, भाऊ घाबरला का?” जुळ्यांना ही तुलना उठता-बसता ऐकावी लागते. त्यातून एकाच्या वाट्याला शूरपणा येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला भित्रेपणा, आणि पुढे ती दोघं त्याच भूमिका वठवत राहतात. मुलं वाटून घेतल्याचा फायदा इथे पुरेपूर मिळतो. मुलगा बाबांबरोबर माकडांसमोर नाचू दे, तुम्ही दोघी मागे झाडाखाली बसा किंवा पाणपक्ष्यांकडे जा. वीस मिनिटांनी कुठल्या झाडापाशी, कुठल्या पाटीपाशी भेटायचं ते घड्याळ पाहून ठरवा, कारण अशा जागी फोनला नेहमी रेंज मिळेल असं नाही.

अंधाऱ्या निशाचर दालनात तिला या वेळी नेऊ नका. तिथे दिवस-रात्र उलटी केलेली असते, डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि तोवर मूल हात सोडून कुठे गेलं ते आपल्यालाही दिसत नाही.

मुलाचं पळणं थांबणार नाही, त्याला फक्त वळण लावता येतं. घरासमोर आठवडाभर “चल-थांब” खेळा : “थांब” म्हटलं की पाय जमिनीला चिकटले पाहिजेत. दिवसाला दहा वेळा, हसत-खेळत. आत गेल्यावर दर प्राण्यामागे त्याला पळायला एक मोकळी जागा द्या. गाड्या उभ्या करायची जागा, फाटक आणि पाण्याकाठ या तीन ठिकाणी मात्र हात किंवा कमरेचा पट्टा. मुलाला पट्टा लावला म्हणून चार लोक बघतात. बघू द्या. दोन मुलं, दोन दिशा आणि समोर येणारी गाडी हे गणित त्यांना सोडवायचं नसतं.

तरीही हरवलं तर काय करायचं, ते घरून निघण्याआधीच बोलून ठेवा. दोघांनीही धावत सुटायचं नाही. ज्याच्याकडे दुसरं मूल आहे त्याने तिथेच थांबायचं, कारण हरवलेलं मूल अनेकदा जिथून सुटलं तिथेच परत येतं. दुसऱ्याने सगळ्यांत आधी जवळचं पाणी बघायचं : तळं, हौद, खंदक. तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. त्यानंतर बाहेर जायची वाट आणि नंतर मुलाला सर्वांत आवडलेला प्राणी. शोधताना नुसतं नाव पुकारू नका, वर्णन पुकारा : “तीन वर्षांचा मुलगा, नारिंगी सदरा, निळी टोपी, कुणी पाहिला का?” आजूबाजूची पन्नास माणसं त्या क्षणापासून शोधू लागतात. नुसत्या नावाने कुणालाच काही कळत नाही. पहिल्याच मिनिटात गणवेशातल्या कर्मचाऱ्याला गाठून सकाळचा फोटो दाखवा, म्हणजे फाटकावर निरोप जाईल. “अजून पाच मिनिटं शोधू, मग सांगू” हा संकोच महागात पडतो. मुलांनाही दोनच गोष्टी शिकवा : आई-बाबा दिसले नाहीत तर झाडासारखं जागीच उभं राहायचं, आणि मदत मागायची तर गणवेशातल्या माणसाकडे किंवा बरोबर लहान मूल असलेल्या बाईकडे. तुमचं नाव “आई” नाही, हेही त्यांना पाठ हवं. तीन वर्षांचं मूल आई-बाबांचं पूर्ण नाव सांगू शकतं.

बाबागाडी न्यावी का? न्याच, मुलं घरी बसत नसली तरी. या वयाचं मूल साधारण चौदा किलोचं असतं आणि जुळी एकाच वेळी दमतात. अठ्ठावीस किलो कडेवर घेऊन फाटकापर्यंत येणं दोघांनाही जड जाईल. पण शेजारी-शेजारी बसवायची जोडगाडी नेऊ नका. ती पंच्याहत्तर ते ऐंशी सेंटिमीटर रुंद असते, फिरत्या फाटकात आणि अरुंद दालनांत अडते. मागे-पुढे बसवायची गाडी अरुंद असते, पण लांब आणि अवजड, पायरी आली की चढवता चढत नाही. शिवाय मुलं वाटून घ्यायची म्हटल्यावर एकच गाडी उपयोगाची नाही. दोन हलक्या, घडीच्या, एकेकट्या गाड्या घ्या. तिथे भाड्याने मिळत असतील तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. दांड्याला जड पिशव्या अडकवू नका : मूल उतरलं की तोल जाऊन गाडी मागे उलटते. ऊन लागतं म्हणून गाडीवर चादर-ओढणीही टाकू नका. आत हवा खेळत नाही आणि काही मिनिटांत बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. गाडीचं छत आणि टोपी पुरे.

पिशव्या तीन करा : प्रत्येक मुलाची एक छोटी आणि एक सामाईक. मुलाच्या पिशवीत त्याच्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, चड्डी आणखी एक, अर्धा लिटर पाण्याची बाटली, खाऊचा डबा. असं केलं की तुम्ही वेगवेगळ्या दिशांना गेलात तरी कुणाचं अडत नाही. मागच्या वेळचं पाणी भरायला जाणंही आपोआप टळेल. सामाईक पिशवीत ओले रुमाल, साबण, ओल्या कपड्यांसाठी कापडी पिशवी, बँडेज-पट्ट्या आणि उन्हाचं मलम. प्लास्टिकच्या पिशव्या अनेक प्राणिसंग्रहालयांत दारातच ठेवून घेतात. दोघांचे डबे एकसारखे आणि आतला खाऊही एकसारखाच असावा. त्या दिवशी भांडायला इतर कारणं पुष्कळ मिळतील. खाऊ कोरडा, चिकट नसलेला आणि गाडीत बसून, थांबून खायचा. पळता पळता घशात अडकतो. द्राक्षं उभी चिरून चार तुकड्यांत. अख्खे दाणे आणि मक्याच्या लाह्या चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. फाटकाशी विकायला असलेले फुगेही नको म्हणा : फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा घशात बसला तर काढणं फार अवघड असतं, आणि प्राणी त्या आवाजाला दचकतात.

आत शिरल्यावर पहिला मुक्काम स्वच्छतागृह. नंतर दर तासाला, आणि एकाला लागली की दोघांना न्यायचं. “मला नाही लागली” म्हणणारं मूल बरोबर दहा मिनिटांनी सांगतं. मलम 30 किंवा त्याहून अधिक एसपीएफचं, निघण्याआधी वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी. कानांच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू बहुतेक सगळे विसरतात.

प्राण्यांना हात लावायची किंवा हाताने खायला द्यायची वेगळी जागा असेल तर ती शेवटी ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलांना जनावरांकडून पोटाचे संसर्ग पटकन होतात आणि ते त्यांना जास्त झोंबतात. शेळ्या-मेंढ्या-वासरांच्या अंगावर निरोगी दिसत असतानाही ई. कोलायसारखे जंतू असू शकतात, सरपटणाऱ्या प्राण्यांवर साल्मोनेला. आत जाताना बाटली, डबा, चोखणी, तोंडात घालायचं खेळणं यांतलं काहीही बरोबर नको. बाबागाडीही बाहेरच. बाहेर आल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने वीस सेकंद हात, बोटांच्या बेचक्यांसह, आणि तुमचेही. नुसतं सॅनिटायझर इथे पुरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही जंतू अल्कोहोलला दाद देत नाहीत, आणि मळलेल्या हातावर ते नीट कामच करत नाही. ज्या मुलाला हात लावायचा नाही त्याला लांबून बघू द्या.

काचेपाशी काच वाजवणं, दगड मारणं, ओरडून उठवणं दुसरी मुलं करताना दिसतील. आपल्या मुलांना सांगा, “तो झोपलाय, तू झोपतोस तसाच.” तीन वर्षांच्या मुलाला ते पटतं. वाघ-बिबट्याच्या काचेसमोर मुलांना पळू देऊ नका आणि काचेला पाठ करून फोटोला उभं करू नका. पाठमोरं किंवा पळणारं लहान मूल दिसलं की जनावर दबा धरून काचेवर झेपावू शकतं. काच टिकते, पण तुमच्या लेकीला पुढचं वर्षभर वाघ नको होईल. माकडांच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, दात दाखवून हसायचं नाही. बऱ्याच माकडांच्या भाषेत ते भांडणाचं आमंत्रण असतं, आणि मग ती आणखी ओरडतात.

सासूबाईंना मूल सांभाळायला देऊ नका, गुडघे दुखत असताना पळणाऱ्या नातवामागे जाणं त्यांना झेपणार नाही आणि नाही म्हणणंही त्यांना जड जाईल. त्यांना मुक्काम द्या. फेरीच्या मधोमध, सावलीची, स्वच्छतागृहाजवळची बसायची जागा नकाशात आधीच हेरा. सामाईक पिशवी त्यांच्यापाशी, आणि तुमचं भेटायचं ठिकाण म्हणजे आजी. भीती वाटली, दमलं, चिडलं की त्या मुलाला आजीकडे दहा मिनिटं बसायला आणा. आत फिरायला विजेवर चालणारी गाडी असेल तर लांबच्या टोकापर्यंत सगळ्यांनी तिनेच जा. आजीलाही हत्ती बघायचा असेल.

या वयात नेण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंत. मोठेपणी त्यांना ही सहल आठवणार नाही, बहुतेकांच्या आठवणी तीन-साडेतीन वर्षांच्या पुढे सुरू होतात. पण दुसरा फायदा आहे. जुळ्यांची बोली भाषा या वयात सरासरी काही महिन्यांनी मागे असते, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे आई-बाबांचं बोलणं दोघांत विभागलं जातं. बहुतेक वाक्यं “तुम्ही दोघं” अशी सुरू होतात. एका मोठ्या माणसाने एकाच मुलाशी तासभर, त्याच्याच बघण्याबद्दल बोलणं हे जुळ्यांच्या घरात दुर्मीळ असतं. मुलं वाटून घेतलीत की ते त्या सकाळी आपसूक घडतं. “हा कोण?” एवढंच विचारून थांबू नका. “तो सोंडेने काय करतोय? आता कुठे चाललाय?” असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. दुसरं मूल शेजारी नसल्याने उत्तर हिसकावून घेणारंही कुणी नसतं. रात्री फोटो दाखवताना दोघांना एकमेकांचे फोटो दाखवा. एकाने पाहिलेलं दुसऱ्याने पाहिलेलं नसतं, त्यामुळे सांगण्यासारखं दोघांकडेही असतं.

ऐन वेळी एकाला ताप किंवा जुलाब असले तर त्याला नेऊ नका. पण दुसऱ्याची सहल रद्द करायची गरज नाही. एक जण घरी थांबा, एक जण बऱ्या असलेल्या मुलाला घेऊन जा, आणि निघण्याआधी आजारी मुलाला त्याची फेरी कोणत्या शनिवारी ते सांगा, त्याच्यासमोर दिनदर्शिकेवर खूण करून. तो शनिवार मग पाळाच.